तिऱ्हाइताचे आगमन : उत्तर आयर्लंड आणि उत्तर श्रीलंका येथील पोलीस, सैन्य व साहित्यिक साक्ष

मराठीतील 'तिऱ्हाईत' या शब्दाला दोन अर्थच्छटा आहेत. भांडणाऱ्या दोघांपैकी कोणाचाही नसलेला, म्हणून दोघांनाही न्याय देऊ शकणारा, ही पहिली. आणि घरातले काही न कळणारा परका, ही दुसरी. दुभंगलेल्या समाजांतील लष्करी हस्तक्षेपाचा इतिहास हा बहुधा या पहिल्या छटेकडून दुसऱ्या छटेकडे झालेला प्रवास असतो. पोलीसदल बहुसंख्याकांचे म्हणून ओळखले जाते, अल्पसंख्याक समाजाला त्याच्यापासूनच भय वाटू लागते आणि सैन्य मध्यस्थ म्हणून अवतरते. प्रारंभी त्याचे स्वागत होते. पुढे तेच संघर्षातील एक पक्ष बनते. १९६९ नंतरचे उत्तर आयर्लंड आणि १९८७ नंतरचा श्रीलंकेचा उत्तर प्रांत या दोन उदाहरणांवरून या स्थित्यंतराची कारणे व त्याला मिळालेली साहित्यिक साक्ष तपासणे तौलनिक अभ्यासाच्या दृष्टीने उद्बोधक ठरते.

पोलीस : राज्यसंस्थेचा दैनंदिन चेहरा

सामान्य नागरिकाची राज्यसंस्थेशी गाठ पडते ती संविधानाच्या कलमांतून नव्हे, तर चौकीवरील शिपायाच्या रूपाने. उत्तर आयर्लंडमध्ये कॅथलिक समाज लोकसंख्येच्या सुमारे एक तृतीयांश होता. परंतु १९६९ च्या सुमारास 'रॉयल अल्स्टर कॉन्स्टॅब्युलरी' या पोलीसदलात त्याचे प्रमाण केवळ ११ टक्क्यांच्या आसपास होते. 'बी-स्पेशल्स' हे राखीव दल तर जवळजवळ संपूर्णपणे प्रॉटेस्टंट होते. ५ ऑक्टोबर १९६८ रोजी डेरी येथे नागरी हक्कांसाठी निघालेल्या मोर्चावर पोलिसांनी लाठीमार केला. त्याचे चित्रण दूरचित्रवाणीवरून घरोघर पोहोचले आणि पोलिसांच्या निःपक्षपातीपणावरील उरलासुरला विश्वासही ढासळला.

श्रीलंकेत भेदाची रेषा धर्माइतकीच भाषेचीही होती. १९५६ च्या कायद्याने सिंहली ही एकमेव राजभाषा ठरली. शासकीय सेवांतील तमिळ भाषकांचा वाटा हळूहळू आटत गेला आणि पोलीसदलही उत्तरोत्तर सिंहली होत गेले. जाफन्यातील तमिळ माणसाला आपली तक्रार ज्याच्यापुढे मांडायची, त्याची भाषाच परकी होऊ लागली. ३१ मे १९८१ च्या रात्रीपासून तेथे जो हिंसाचार झाला, त्यात निवडणुकीच्या बंदोबस्तासाठी दक्षिणेतून आणलेल्या पोलिसांचा हात होता आणि त्यातच जाफना सार्वजनिक ग्रंथालय भस्मसात झाले. सुमारे ९७,००० ग्रंथ व त्यांत कित्येक दुर्मीळ हस्तलिखिते नष्ट झाली. एम. ए. नुहमान यांच्या तमिळ कवितेत साध्या वेशातील पोलीस खुद्द बुद्धाचीच हत्या करतात आणि त्याचा देह ग्रंथालयातील पुस्तकांबरोबर जाळला जातो. कवी तमिळ भाषक मुस्लिम आहे, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे. ज्या धर्माच्या नावाने बहुसंख्याकवाद उभा राहिला, त्या धर्माचाच तो बळी ठरला, असे ही कविता दाखवते.

स्वागत आणि विपर्यास

ऑगस्ट १९६९ मध्ये डेरीच्या बॉगसाइड वस्तीत तीन दिवस पोलीस व रहिवासी यांच्यात चकमकी झाल्या आणि १४ ऑगस्टला ब्रिटिश सैन्य शहरात दाखल झाले. त्याच सुमारास बेलफास्टमध्ये कॅथलिकांची घरे पेटवली गेली. जळालेल्या रस्त्यांपैकी एकाचे नाव 'बॉम्बे स्ट्रीट' होते. पोलीस हटले व सैनिक आले, याचा कॅथलिक वस्त्यांना सुटकेसारखा आनंद झाला. स्त्रियांनी सैनिकांना चहा दिला. सैन्यानेही प्रारंभी बॉगसाइडमध्ये न शिरण्याचा संयम पाळला.

२९ जुलै १९८७ रोजी राजीव गांधी व जयवर्धने यांनी करारावर स्वाक्षऱ्या केल्या आणि भारतीय शांतिसेना जाफन्यात उतरली, तेव्हाही असेच घडले. श्रीलंकेच्या सैन्यापासून आपले रक्षण करणारे म्हणून भारतीय जवानांना हार घालण्यात आले.

ही दोन्ही स्वागते अल्पजीवी ठरली. बेलफास्टच्या फॉल्स भागात ३ ते ५ जुलै १९७० या काळात शस्त्रांच्या शोधासाठी संचारबंदी पुकारण्यात आली. घराघरांची झडती झाली आणि चार नागरिक मृत्युमुखी पडले. अखेर पाव व दूध घेऊन आलेल्या स्त्रियांच्या मोर्चानेच ती संचारबंदी मोडली. ९ ऑगस्ट १९७१ रोजी विनाचौकशी स्थानबद्धतेस आरंभ झाला. ३० जानेवारी १९७२ रोजी डेरीत नागरी हक्कांच्या मोर्चावर सैनिकांनी गोळीबार केला. तेरा जण त्याच दिवशी ठार झाले व चौदावा नंतर दगावला. श्रीलंकेत हा विपर्यास अडीच महिन्यांतच पूर्ण झाला. शस्त्रे खाली ठेवण्याच्या प्रश्नावरून लिबरेशन टायगर्सशी संबंध बिघडले आणि ऑक्टोबर १९८७ मध्ये शांतिसेनेने जाफना ताब्यात घेण्यासाठी 'ऑपरेशन पवन' हाती घेतले. २१ ऑक्टोबरला, दिवाळीच्या दिवशी, जाफना रुग्णालयात भारतीय सैनिकांच्या गोळीबारात रुग्ण, डॉक्टर व परिचारिका मारल्या गेल्या.

याचे कारण केवळ सैनिकांच्या वर्तनात शोधणे अपुरे ठरेल. शस्त्रांचा शोध, झडती, ओळख पटवणे, अटक ही सारी पोलिसी कामे आहेत. ती करण्यासाठी लागणारे स्थानिक ज्ञान सैन्यापाशी नसते, ते उसने घ्यावे लागते. ब्रिटिश सैन्याने स्थानबद्धतेच्या याद्यांसाठी त्याच पोलीसदलाच्या माहितीवर भिस्त ठेवली, ज्याच्यावरील अविश्वासामुळे सैन्य बोलवावे लागले होते. पहिल्या धरपकडीत साडेतीनशेच्या आसपास माणसे उचलली गेली, पण त्यांत प्रॉटेस्टंट निमलष्करी गटांचे कोणीही नव्हते. शांतिसेनेच्या बहुसंख्य तुकड्यांना तमिळ येत नव्हती. तिने टायगर्सच्या प्रतिस्पर्धी तमिळ गटांचे साहाय्य घेतले. तिऱ्हाइताने डोळे उसने घेतले की त्या डोळ्यांतील वैरही त्याच्याकडे येते.

दोन प्रकारच्या नोंदी

डेरीच्या गोळीबाराची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती विजरी यांच्या एप्रिल १९७२ च्या अहवालाने सैनिकांना बहुतांशी दोषमुक्त केले. त्यानंतर आठवड्याभरातच डब्लिनचे कवी टॉमस किन्सेला यांनी 'बुचर्स डझन' ही दीर्घकविता प्रसिद्ध केली. तीत मृतांची भुते स्वतःच साक्ष देतात. ज्यांना चौकशीसमोर बोलता आले नाही, त्यांनाच कवी साक्षीदार करतो. ब्रायन फ्रील यांच्या 'द फ्रीडम ऑफ द सिटी' (१९७३) या नाटकात प्रेक्षकाला तिघा मोर्चेकऱ्यांचा मृत्यू आरंभीच ठाऊक असतो. एकीकडे त्यांचे अखेरचे तास आणि दुसरीकडे न्यायाधीशाची चौकशी समांतर चालतात, आणि चौकशीची भाषा सत्यापासून कशी दूर जाते हे दिसत राहते. सॅव्हिल आयोगाने मृत व्यक्तींपासून सैनिकांना धोका नव्हता असा निष्कर्ष काढला, तो जून २०१० मध्ये. साहित्याने दिलेली साक्ष शासनाने स्वीकारण्यास अडतीस वर्षे लागली.

जाफन्यातील घटनांना असा उत्तरार्ध लाभला नाही. तेथे नोंदीचे काम जाफना विद्यापीठातील चार अध्यापकांनी 'द ब्रोकन पामायरा' या ग्रंथातून केले. श्रीलंकेचे सैन्य, भारतीय शांतिसेना व टायगर्स या तिघांच्याही हिंसेचा हिशेब त्यात मांडलेला आहे. सहलेखिका रजनी तिरणगम यांची २१ सप्टेंबर १९८९ रोजी जाफन्यात गोळ्या घालून हत्या झाली. तिन्ही बाजूंपासून समान अंतर राखणारे लेखन हेच येथे खरे तिऱ्हाईत ठरले, आणि त्याची किंमत लेखिकेला प्राणांनी मोजावी लागली. दुसरीकडे, भारतीय स्मृतीत ही मोहीम मुख्यतः शौर्य व हौतात्म्य या रूपात उरली आहे. मराठा लाइट इन्फंट्री व महार रेजिमेंट यांच्या पलटणीही तीत होत्या. महार रेजिमेंटचे मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. सुमारे १,२०० भारतीय जवान तेथे कामी आले. हे बलिदान आणि रुग्णालयातील मृत्यू ही दोन्ही सत्ये आहेत. परंतु ती क्वचितच एकाच ग्रंथात वाचायला मिळतात.

साम्याच्या मर्यादा

या दोन उदाहरणांत एक मूलभूत भेद आहे. ब्रिटिश सैन्य हे सार्वभौम सत्तेचे सैन्य होते, तर भारतीय सैन्य शेजारी राष्ट्राचे. त्यामुळे १९८९ मध्ये अध्यक्ष प्रेमदास आणि टायगर्स हे परस्परांचे वैरी शांतिसेनेच्या माघारीच्या मागणीवर एकत्र येऊ शकले. २४ मार्च १९९० रोजी अखेरची तुकडी परतली आणि लवकरच युद्ध पुन्हा भडकले. लंडनच्या शासनाला मात्र निघून जाण्याचा सोपा मार्ग उपलब्ध नव्हता.

अधिक महत्त्वाचा भेद पुढच्या काळात दिसतो. उत्तर आयर्लंडमध्ये १९९९ च्या पॅटन आयोगाने पोलीसदलाची पुनर्रचना सुचवली. २००१ मध्ये नाव, बोधचिन्ह व भरतीची पद्धत बदलली. पुढील दहा वर्षे निम्मी भरती कॅथलिकांतून होत राहिली आणि त्यांचे प्रमाण सुमारे ८ टक्क्यांवरून ३० टक्क्यांच्या आसपास गेले. जानेवारी २००७ मध्ये शिन फेन पक्षाने या पोलीसदलाला मान्यता दिली आणि त्याच वर्षी ३१ जुलैला सैन्याची अडतीस वर्षांची मोहीम संपली. श्रीलंकेत १९८७ च्या करारातून आलेल्या तेराव्या घटनादुरुस्तीने प्रांतांना पोलीसविषयक अधिकार देऊ केले. ते प्रत्यक्षात आजतागायत हस्तांतरित झालेले नाहीत.

यावरून असे म्हणता येते की सैन्याला तिऱ्हाईतपण फार काळ टिकवता येत नाही. त्याच्या उपस्थितीत पोलिसांचे स्वरूप बदलले, तरच त्या अल्पकाळाचे सार्थक होते. उत्तर आयर्लंडमध्ये हा बदल तीन दशके विलंबाने झाला व हजारोंच्या मृत्यूनंतर झाला. श्रीलंकेत तो कागदावरच राहिला. या विलंबाचे माप शासकीय अहवालांपेक्षा कवितेत, नाटकात व साक्षीपर गद्यात अधिक स्पष्टपणे नोंदलेले आढळते. म्हणूनच दोन समाजांच्या राजकीय तुलनेला त्यांच्या वाङ्मयाच्या तुलनेची जोड देणे अगत्याचे ठरते.