एमआरआय झाला, तरी पाठीतलं पाणी का?

मेनिंजायटिस म्हणजे मेंदूच्या आवरणाला आलेली सूज. ताप, असह्य डोकेदुखी, उलट्या, ताठ मान, गुंगी, झटके दिसले तर तातडीने मोठं रुग्णालय गाठा.

वस्तीत आम्हाला विचारतात, "एमआरआय झाला, मग पाठीतलं पाणी कशाला?" एमआरआयमध्ये आवरणाची सूज, मेंदूत साठलेलं पाणी, क्षयाच्या गाठी दिसतात. पण सुरुवातीला तो नॉर्मलही येऊ शकतो. जंतू कोणता, हे मुख्यतः पाठीतल्या पाण्यावरून कळतं. सुई मज्जारज्जू संपतो त्याच्या खाली टोचतात. पाय लुळे पडतील ही भीती नको.

जंतूंच्या मेनिंजायटिसमध्ये तासही मोलाचा. एमआरआयचा नंबर लागेपर्यंत इंजेक्शन थांबू नये. क्षय निघाला तर सरकारी औषध मोफत मिळतं. ते मधेच सोडू नका.

सही करण्याआधी शंका विचारा. तो आपला हक्क आहे.