ठोक भावात धुतलेली गाडी

गोव्यात काळ्या पाटीवर पिवळे आकडे दिसले की गाडी भाड्याची आणि चालवणारा बहुधा पर्यटक, हे पोरासोरांनाही कळतं. ही गाडी सकाळी एकाकडून परत येते आणि दुपारी दुसऱ्याच्या हाती जाते. मधल्या दोन-तीन तासांत पायाखालची वाळू, चिप्सचा चुरा, ओल्या टॉवेलचा वास, सीटच्या रुळात अडकलेली बाटलीची झाकणं असं सगळं निघावं लागतं. ते काढणाऱ्याने त्याचे किती पैसे घ्यावेत, याचं उत्तर वाटतं तितकं सोपं नाही.

घरच्या गाडीचा मालक हौसेने येतो. त्याला चकाकी हवी असते, तो सिरॅमिक कोटिंगची चौकशी करतो, गाडी दिवसभर ठेवूनही जातो. भाड्याच्या ताफ्याचा मालक वेगळा. केंद्र सरकारच्या १९८९च्या रेंट-अ-कॅब योजनेत परवान्यासाठी किमान ५० गाड्यांची अट आहे, म्हणजे असा एकच ग्राहक कायमचं काम देऊ शकतो. तो दारात येतो तोच ठोक भाव मागत. समोरचा वॉशिंग सेंटरवाला मनातल्या मनात गाड्यांची संख्या मोजतो आणि ‘हो’ म्हणून बसतो. त्याने मोजायला हवे होते ते तास.

एक हिशेब मांडून पाहू. आकडे केवळ उदाहरणाचे आहेत, प्रत्येकाने आपल्या गावचे घालावेत. कामगाराचा पगार १८,००० रुपये, बोनस, रजा, गणवेश धरून खर्च २१,०००. महिन्याचे २६ दिवस, रोज आठ तास, म्हणजे २०८ तास. पण यातले प्रत्यक्ष गाडीवर हात चालतो ते तास जेमतेम १४०. बाकीचा वेळ गाडीची वाट पाहण्यात, ती रॅम्पवर घेण्यात, कापडं धुण्यात जातो. मग तासाचा खरा खर्च १५० रुपये पडतो. बाहेरून फोम वॉश, आतून व्हॅक्यूम, काचा, डॅशबोर्ड अशा साध्या कामाला ४५ मिनिटं धरली, तर मजुरी ११२ रुपये ५० पैसे. शॅम्पू, पाणी, वीज, मायक्रोफायबर कापड यांचे ४०. जागेचं भाडं, मशिनची झीज, देखरेख मिळून महिन्याला ६०,००० आणि गाड्या ६००, तर गाडीमागे १०० रुपये. एकूण २५२ रुपये ५० पैसे. विक्रीदरावर २० टक्के नफा हवा असेल, तर दर साधारण ३१६ रुपये येतो, व्यवहारात ३२०.

ग्राहक घासाघीस करून २५० वर आला आणि मालकाने मान डोलावली, तर प्रत्येक गाडीमागे अडीच रुपये खिशातून जातात. गाडीमागचा खर्च तोच राहिला, तर गाड्या जितक्या जास्त, तितका तोटा जास्त.

मग सवलत द्यायचीच नाही का? जरूर द्यावी, पण ती खर्चात खरोखर झालेल्या बचतीतून. नव्या ग्राहकामुळे महिन्याच्या गाड्या ६०० वरून ९०० झाल्या आणि जागा-मशिन तीच पुरली, तर ६०,००० चा वाटा १०० वरून ६७ वर येतो. एकूण खर्च २१९ आणि तेवढ्याच टक्के नफ्याने दर २७४. म्हणजे ४५ रुपयांपर्यंत सूट देण्याजोगी आहे, त्याखाली नाही.

मात्र या गाड्या येतात कधी, यावर सगळा डोलारा उभा आहे. रोज वीस गाड्या दिवसभरात विखरून आल्या तर रिकामे तास भरतात आणि तो ग्राहक सोन्याचा. त्याच वीस गाड्या रविवारी रात्री एकदम आल्या, तर जादा माणसं, जादा वेळेची मजुरी, आणि मंगळवार-बुधवारी सगळे बसून. गोव्यात तर नाताळ ते नववर्ष झुंबड आणि पावसाळ्यात शुकशुकाट. म्हणून करारात गाड्यांच्या संख्येइतकीच वेळही लिहिलेली असावी: अमुक वाजेपर्यंत आलेली गाडी अमुक वाजता तयार, रात्रीच्या कामाला वेगळा दर, आणि महिन्याला किमान इतक्या गाड्यांची हमी. भाडेकंपनीलाही यात फायदा आहे. उभी राहिलेली गाडी एका दिवसाचं भाडं बुडवते, आणि ते धुण्याच्या दरातल्या वीस-तीस रुपयांहून कितीतरी जास्त असतं. वेळेची खात्री देणाऱ्याने तिचे पैसे मागायला संकोचू नये.

सगळ्या गाड्यांना एकच दर, हा दुसरा सापळा. विमानतळाहून हॉटेलवर गेलेली गाडी वीस मिनिटांत होते. किनाऱ्यावरून आलेल्या गाडीची वाळू आधी पाण्याने उतरवावी लागते, नाहीतर कापड फिरताच रंगावर बारीक चरे पडतात. पावसाळ्यात जांभ्याची तांबडी माती सीटच्या कापडात मुरते. सीट धुवून नीट वाळवली नाही तर बुरशी धरते, आणि वाळायला जागाही अडते. उलटी, सिगारेटचा वास, कुत्र्याचे केस यांचं काम तासांवर जातं. यासाठी साधी धुलाई, खोल सफाई आणि विशेष काम असे तीन दर आधीच लिहून द्यावेत, आणि गाडी आत घेतानाच तारीख-वेळेसह फोटो काढावेत. त्या फोटोंच्या आधारे कंपनी शेवटच्या भाडेकरूकडून वसुली करू शकते, आणि आधीचा ओरखडा धुणाऱ्याच्या माथी येत नाही. विक्रीला काढायच्या गाडीचं मशिन पॉलिश, हेडलाइटची पिवळट काच साफ करणं, हे पूर्ण दिवसाचं काम. ते ठोक दरात कधीच गुंडाळू नये.

आता कागदावरचे पैसे. या सेवेवर १८ टक्के जीएसटी आहे. नोंदणी असलेल्याने ‘सगळं धरून ३००’ म्हटलं, तर कर वजा जाऊन हातात २५४ उरतात, म्हणजे वरच्या हिशेबातला नफा जवळपास संपला. दर नेहमी ‘अधिक कर’ असाच बोलावा.

उधारीचं दुखणं याहून मोठं. ३२० रुपयांनी ६०० गाड्या म्हणजे महिन्याला १ लाख ९२ हजार रुपये. ते दोन महिने अडकले तर पगार कशातून द्यायचे? इथे कायदा छोट्या व्यावसायिकाच्या बाजूने आहे. २००६च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगांचं देणं लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत चुकतं करायचं असतं. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. ही मुदत चुकवणाऱ्या ग्राहकाला प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत त्या खर्चाची आयकरातली वजावटही मिळत नाही, त्यामुळे त्याचा हिशेबनीसच बिलाची आठवण काढतो. यासाठी आपली उद्यम नोंदणी असावी लागते. ती ऑनलाइन होते आणि तिला शुल्क नाही. ताफ्याच्या पहिल्या करारावर सही करण्याआधीच ती करून घ्यावी.