हळकुंड आणि काडतूस

मराठीच्या प्राध्यापकाचा काडतुसाशी काय संबंध, असा प्रश्न वाचकांना पडेल, आणि तो रास्तच आहे. आम्ही पुणेकर. खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना १८६९ सालचा. पण त्याची भिंत बाहेरून पाहण्यापलीकडे माझी मजल कधी गेली नाही. बंदूक म्हणून हाती धरली ती दिवाळीतली टिकल्यांचीच! पण २०२३च्या मे महिन्यात आम्ही उभयता अमेरिकेत, अ‍ॅरिझोना राज्यात, माझ्या मेव्हण्याकडे गेलो होतो. तिथे एके दिवशी तो म्हणाला, "भाऊजी, आमच्या शेजारचे आजोबा घरी काडतुसे भरतात. बघायला येता?"

"काडतुसे?" ही म्हणाली, "ती काय करंज्या आहेत घरी भरायला?"

पण खरोखरच तो प्रकार करंज्यांच्या जवळचा निघाला. आजोबा लेथवर काम करून निवृत्त झालेले. मोटार ठेवायच्या खोलीत त्यांनी एक भक्कम बाक ठोकला होता आणि त्यावर लांब दांड्याचे यंत्र घट्ट बसवले होते. बाजूला तराजू, डबे, आणि उडवून झालेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्यांची बादली. काडतुसाचे भाग चार : पुंगळी, बुडाशी ठिणगी देणारी टोपी म्हणजे प्रायमर, आतली दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी. बार उडाला की तिघांचे काम संपते. पुंगळी तेवढी उरते. महाग असते ती तीच, आणि ती पुन्हा पुन्हा वापरता येते. काटकसरी माणसाला याहून अधिक काय सांगायला हवे?

उडताना पुंगळी थोडी फुगते. यंत्रातला पहिला साचा तिला दाबून मापात आणतो आणि जुनी टोपी बाहेर ढकलतो. मग नवी टोपी, मग मोजून दारू, मग गोळी, आणि शेवटी तोंड आवळायचे. आजोबांच्या यंत्रात या क्रिया एका गोल थाळीभोवती मांडलेल्या. दांडा ओढला की थाळी एक घर पुढे सरकते आणि प्रत्येक ओढीला एक काडतूस तयार होऊन पडते. हे सारे पाहून हिने निकाल दिला, "म्हणजे आपला सोऱ्याच की!"

हा छंद तिकडे जुना आहे. नेब्रास्कातल्या हॉर्नेडींनी १९४९ साली आपली कंपनी काढली, विस्कॉन्सिनच्या रिचर्ड ली यांनी १९५८ साली हातोडीने ठोकून काडतूस भरायचा एक स्वस्त संच बाजारात आणला. स्वतःच्या वापरापुरती काडतुसे भरायला तिथे केंद्र सरकारचा परवाना लागत नाही; विकायची असतील तर लागतो. आपल्याकडे १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्यावाचून दारूगोळा बनवता येत नाही. शिवाय आपल्या स्वप्नील कुसाळेने २०२४ साली पॅरिसला ज्या प्रकारात कांस्यपदक मिळवले, त्या ५० मीटर रायफलीची पॉइंट टू टू काडतुसे पुन्हा भरताच येत नाहीत. त्यांत टोपीचे द्रव्य पुंगळीच्या काठातच असते. तेव्हा कुणी वाचक हे वाचून बाक ठोकायला निघाला असेल, तर त्याने खुशाल त्यावर चकल्या पाडाव्यात.

असो. आम्ही गेलो त्या दिवशी आजोबा मात्र यंत्राकडे पाठ करून बसले होते. दोन हात गुडघ्यांवर, चेहरा उतरलेला. रविवारी त्यांचा एकोणीस वर्षांचा नातू नेमबाजीला यायचा होता. त्याच्यासाठी भरता भरता त्यांनी सहज एका पुंगळीत विजेरी धरून पाहिले, तर दारू नेहमीपेक्षा वर आलेली! थाळी फिरवणारा एक छोटा खटका नीट पकडत नव्हता. थाळी कधी अडे आणि आजोबा ती हाताने पुढे ढकलत. ढकलताना कधी घर चुकले असेल, कधी एकाच घरात दोनदा दारू पडली असेल.

ही दारू ग्रेनमध्ये मोजतात. एक ग्रेन म्हणजे सुमारे पासष्ट मिलिग्रॅम, आणि पिस्तुलाच्या काडतुसात असे थोडेच ग्रेन असतात. दुप्पट पडली तर पिस्तूल हातात फुटू शकते. मुळीच पडली नाही तर ते अधिक फसवे. टोपीच्या जोरावर गोळी नळीत शिरते आणि मध्येच अडकते. बार बारीक होतो, नेमबाजाच्या ध्यानात येत नाही, आणि मागून दुसरी गोळी सुटली की नळीच फाटते.

आजोबांनी आमच्यासमोरच कंपनीला फोन लावला. पलीकडे एक बाई होत्या. त्यांनी पावती मागितली नाही, यंत्र कधी घेतले तेही विचारले नाही. तिकडच्या या धंद्यातल्या काही कंपन्या यंत्राला जन्मभराची हमी देतात. त्यांनी एकच विचारले, "खटका वाकण्याआधी काय झाले होते?"

आजोबा क्षणभर थांबले. मग म्हणाले, "चूक माझी. एक पुंगळी तिरकी बसली होती. दांडा अडला. हात थांबवायला हवा होता, मी जोर केला."

"ठीक आहे. नवा खटका आणि स्प्रिंग पाठवते. पैसे नकोत. त्यानंतर किती काडतुसे भरलीत?"

"दोनशे चाळीस."

"त्यांतले एकही उडवू नका. सगळी उकला."

मी शहाणपणा केला. म्हटले, "तराजू आहे ना? वजन करून हलकी-जड वेगळी काढा." आजोबा हसले. पुंगळ्यांचे आणि गोळ्यांचे वजनच मुळी एकसारखे नसते. त्या फरकात एवढीशी दारू सहज लपते. मग दोन दिवस ते हातोडीसारख्या एका पोकळ उपकरणात एकेक काडतूस घालून आपटत बसले आणि मी गोळ्या एका डब्यात, पुंगळ्या दुसऱ्यात वेचत बसलो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एक पुंगळी कोरडी निघाली. आत दारूचा कणही नव्हता. आजोबांनी ती तळहातावर धरली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मीही बोललो नाही. त्या नातवाला मी पाहिलेले नव्हते, पण माझाही मुलगा अठराचा आहे.

तिसऱ्या दिवशी टपालाने पाकीट आले. आत खटका, स्प्रिंग आणि बसवायची आकृती, बिल नाही. नातू मात्र त्या रविवारी नेमबाजीला न जाता आजोबांबरोबर यंत्र जोडत बसला.

परतीच्या विमानात माझ्या डोळ्यांपुढे सारखा आमचा मिक्सर येत होता. तो मी हळकुंडे दळताना बंद पाडला होता. माहितीपुस्तकात हळकुंडे घालू नका असे स्पष्ट लिहिले असताना! कंपनीला मात्र मी छातीठोकपणे सांगितले, "चटणी वाटताना आपोआप बंद पडला." त्यांचा माणूस आला, त्याने यंत्र उघडले, आणि आतून पिवळा धूर निघावा तशी हळद सांडली. तो काही बोलला नाही. कागदावर 'अयोग्य वापर' लिहून निघून गेला. मी मात्र पुढचे महिनाभर कंपन्या कशा लुबाडतात यावर स्टाफरूममध्ये व्याख्याने दिली.

फोन ठेवताना कंपनी काय करते, यावर आपण तिची परीक्षा करतो, आणि ते योग्यच आहे. फोन उचलून आपण काय बोलतो, ही परीक्षा मात्र कुणी घेत नाही. त्या बाईंनी आजोबांवर विश्वास ठेवला म्हणून खटका फुकट मिळाला, हे खरे. पण आजोबा खरे बोलले म्हणून दोनशे चाळीस काडतुसे उकलली गेली. 'आपोआप बिघडला' असे ते म्हणाले असते, तरी खटका आलाच असता. कोरडी पुंगळी मात्र रविवारी नातवाच्या पिस्तुलात गेली असती.

यंदा दिवाळीच्या तोंडावर मिक्सर पुन्हा रुसला. मी फोन लावला. पलीकडच्या मुलाने विचारले, "काय वाटत होतात, सर?"

स्वयंपाकघराच्या दारात ही कान देऊन उभी होती.

"सुंठ," मी म्हणालो. "आणि त्याआधी हळकुंडे."

पलीकडे क्षणभर शांतता. मग तो मुलगा म्हणाला, "बरं झालं सांगितलंत, सर. तुम्ही म्हणता त्यावरून फक्त कपलर गेला असावा. माणूस नुसता कपलर घेऊनच पाठवतो, एका फेरीत काम होईल."

कपलरचे पैसे पडले. पण या वेळी स्टाफरूममध्ये मी त्यावर व्याख्यान दिले नाही.