पोटातील जंत आणि वर्गातील अवधान

वर्गातील एखादे मूल सारखी चुळबुळ करते, पाढे म्हणताना मध्येच थांबते, फळ्याकडे पाहत असूनही त्याचे चित्त भलतीकडेच असते. अशा मुलास आळशी अथवा खोडकर ठरवून आपण मोकळे होतो. परंतु या अनवधानाचे मूळ कित्येकदा मुलाच्या स्वभावात नसून त्याच्या पोटात असते, हे शिक्षकाने जाणून घेणे अगत्याचे आहे.

तुंगार्ली, लोणावळा व एकंदर पश्चिम मावळ हा अतिपर्जन्याचा प्रदेश. लोणावळ्यास वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. भातलावणीच्या दिवसांत मुले खाचरांतून अनवाणी वावरतात. जेथे उघड्यावर शौचास बसले जाते, तेथील ओलसर व सावलीच्या मातीत अंकुशकृमीच्या अळ्या वाढतात आणि पायाच्या कातडीतून शरीरात शिरतात. आतड्यांत पोहोचल्यावर हा कृमी रक्त शोषू लागतो. गोल जंतांची अंडी मात्र न धुतलेल्या हातांवाटे व भाज्यांवाटे पोटात जातात.

रक्त गेले की शरीरातील लोह घटते. मेंदूच्या कार्यास लोह व प्राणवायू दोन्ही आवश्यक असल्याने मूल लवकर थकते आणि त्याचे लक्ष टिकत नाही. सुतासारख्या बारीक जंतांचा त्रास निराळा. त्यांच्यामुळे रात्री गुदद्वारापाशी खाज सुटते, झोप मोडते आणि दुसऱ्या दिवशी मूल चिडचिडे होते.

अमेरिकेच्या दक्षिण भागात एके काळी अंकुशकृमीने ग्रासलेल्या लोकांस आळशी समजत. १९०९ साली रॉकफेलर यांच्या देणगीतून तेथे या कृमीविरुद्ध मोहीम सुरू झाली. रोगाचा उपद्रव अधिक होता त्या भागांत मोहिमेनंतर मुलांची शाळेतील हजेरी व साक्षरता वाढली, असे अर्थशास्त्रज्ञ होइट ब्लीकली यांनी २००७ साली दाखवून दिले. ज्यास आळस म्हटले जात होते, तो पुष्कळ अंशी आजार होता.

तथापि प्रत्येक चंचल मुलास जंतच झाले असतील, असे मानू नये. दृष्टी, श्रवण, उपासमार अथवा घरातील दुःख यांपैकी काहीही कारण असू शकते. सरसकट गोळी दिल्याने साऱ्या वर्गाचे गुण वाढतात, असेही संशोधनाने ठामपणे सिद्ध झालेले नाही. लाभ होतो तो मुख्यतः बाधा झालेल्या मुलास.

आपल्या देशात २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जातो. त्या दिवशी शाळेत अल्बेंडाझोलची गोळी दिली जाते. यासंबंधी शिक्षकांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

१. गोळी आपल्या समक्ष चावून खावयास लावावी. आजारी मुलास त्या दिवशी देऊ नये.

२. गैरहजर मुलांची यादी ठेवून त्यांस पुढील फेरीत गोळी द्यावी.

३. शौचानंतर व जेवणापूर्वी साबणाने हात धुण्याची, नखे कापण्याची आणि चपला घालण्याची सवय लावावी. एवढे न केल्यास जंत पुन्हा होतात.

४. फिकट डोळे, माती खाण्याची खोड अथवा वरचेवर पोटदुखी आढळल्यास पालकांस सांगून मुलास प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे.

छडीने जंत पडत नाहीत. मुलास शिक्षा करण्यापूर्वी त्याच्या पोटाची व झोपेची विचारपूस करणे, हेही अध्यापनाचेच अंग होय.