तळोज्याचा निळा कुत्रा आणि तुमच्या फोनचा व्हाइट बॅलन्स

समजा, तुमच्या ग्रुपवर निळ्या कुत्र्याचा फोटो आला. पहिली कमेंट काय येणार? "भाऊ, फिल्टर लावलाय!"

पण ऑगस्ट २०१७ मध्ये तळोजा एमआयडीसीत कुत्री खरंच निळी झाली होती. एका कारखान्यातला रंग त्यांच्या अंगावर बसला होता. प्राण्यांसाठी काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी फोटो काढले, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे तक्रार केली, बातमी पार परदेशात गेली आणि मंडळाने तो कारखाना बंद करायला लावला. कासाडी नदीतल्या सांडपाण्याचा जुना प्रश्नही त्यामुळे पुन्हा चर्चेत आला. भटकं कुत्रं काही पोझ देऊन उभं राहत नाही. दिसलं की क्लिक, एवढाच वेळ मिळतो.

मग आयएसओ, शटर स्पीड वगैरे शिकायचं कशाला? इथेच गंमत आहे.

फोनला रंग "दिसत" नाही, तो रंगाचा अंदाज बांधतो. दुपारचं ऊन साधारण ५५०० केल्व्हिनचं असतं, जुन्या पिवळ्या बल्बचा उजेड ३००० च्या आसपास. पांढरा शर्ट दोन्हीकडे पांढराच दिसावा म्हणून फोन आपणहून रंग सरकवतो. यालाच ऑटो व्हाइट बॅलन्स म्हणतात. बहुतेक वेळा हे झकास चालतं. पण अख्ख्या फ्रेमभर एकच रंग पसरला असेल, तर फोनला वाटतं की उजेडच तसा आहे, आणि तो बिचारा ते "दुरुस्त" करायला जातो. म्हणजे निळ्या कुत्र्याचा अगदी जवळून क्लोजअप घेतलात, तर फोन त्याला करडा करून टाकू शकतो! उलट, प्रो मोडमध्ये बल्बचं सेटिंग तसंच राहिलं आणि तुम्ही उन्हात फोटो काढलात, तर साधं पांढरं कुत्रंही निळसर दिसेल.

खरं-खोटं ओळखायचं कसं? कुत्र्याकडे नाही, आजूबाजूला बघा. डांबरी रस्ता, पांढरा पट्टा, भिंत, दुसरं कुत्रं. सगळंच निळसर असेल तर घोळ कॅमेऱ्याचा. रस्ता रस्त्यासारखा आणि फक्त कुत्रा निळा, तर रंग कुत्र्यावरच असण्याची शक्यता जास्त. (एडिटिंगवाले फक्त कुत्राही रंगवू शकतात, म्हणून मूळ फाइल महत्त्वाची. त्यावर येतोच.)

माझा स्वतःचा किस्सा सांगतो. गेल्या पावसाळ्यात पेंधर मेट्रो स्टेशनजवळच्या एका नाल्याचं पाणी मला लालसर दिसलं. मी लगेच हुशारी करून प्रो मोड उघडला, आयएसओ कमी केला, फोकस हाताने लावला. तेवढ्यात जोराची सर आली आणि पाणी मातकट. सोबतच्या मावसभावाने तोवर तीन फोटो काढले होते, पण तिन्हींत नुसतं पाणी. काठ नाही, आकाश नाही. फोनने त्यातली लाली बऱ्यापैकी पुसून टाकली होती. थोडक्यात, मी चुकलो आणि तोही.

आता मी असं करतो. बऱ्याच अँड्रॉइड फोनवर पॉवर बटण दोनदा दाबलं की कॅमेरा उघडतो. उघडला की आधी क्लिक. कॅमेरा ॲप चालू असताना अनेक फोन आतल्या आत सतत फ्रेम्स साठवत असतात, त्यामुळे बोट पडायला किंचित उशीर झाला तरी क्षण हाती लागू शकतो. सेटिंग्ज शोधत बसलात की हा फायदा गेला.

पहिला फोटो मिळाला की दोन पावलं मागे या आणि दुसरा काढा, ज्यात काहीतरी ओळखीच्या रंगाचं असेल. काही नसेल तर वहीचं पांढरं पान धरा. वेळ असेल आणि फोनमध्ये सोय असेल तर रॉ फॉरमॅट चालू करा, कारण त्यात व्हाइट बॅलन्स नंतर बदलता येतो. जेपीईजीत फोनचा अंदाज बऱ्यापैकी पक्का होऊन बसतो.

आणि तक्रारीसोबत फोटो पाठवायचा असेल तर व्हॉट्सॲपवर "डॉक्युमेंट" म्हणून पाठवा. साधा फोटो म्हणून पाठवला की तो दाबून लहान होतो आणि तारीख, वेळ, लोकेशन ही आतली माहिती गळून पडते. लोकेशन मात्र कॅमेऱ्याला आधीच परवानगी दिली असेल तरच साठवलं जातं. ती परवानगी आत्ताच तपासा. कुत्रा समोर आल्यावर नाही.