‘नकुशी’: हे नाव आलं कुठून, आणि जगात त्याच्या किती बहिणी?

आपल्या भागात नकुशी, नकुसा, नकोशी ही नावं कुणाला नवीन नाहीत. शाळेच्या हजेरीत, रेशन कार्डावर, मतदार यादीत ती आजही सापडतात. २०११ च्या ऑक्टोबरमध्ये सातारा जिल्ह्यात अशा नावाच्या २८५ मुलींची नावं बदलण्याचा जाहीर कार्यक्रम झाला आणि त्याची बातमी परदेशातही गेली. कुणी ऐश्वर्या झाली, कुणी वैशाली, कुणी सावित्री. ज्या सावित्रीबाईंनी मुलींसाठी शाळा काढली, त्यांचं जन्मगाव नायगाव याच जिल्ह्यातलं.

नावाचा अर्थ

शब्द सरळ आहे. ‘नको’ पासून ‘नकोसा, नकोशी’ झालं आणि बोलताना ‘नकुशी’. हा ‘नको’ आपला खास मराठी शब्द. हैदराबादकडच्या दख्खनी बोलीत ‘नक्को’ म्हणतात, तो आपल्याकडूनच गेलेला.

दोन-तीन मुली झाल्या की पुढचीचं नाव नकुशी ठेवायचं, म्हणजे देव समजून घेईल आणि पुढच्या खेपेला मुलगा देईल, अशी त्यामागची समजूत.

मग दगडू, धोंडू, केरू?

काही जण म्हणतील, पोरांचीही अशी नावं असायचीच की. होती, पण कारण उलटं. आधीची मुलं दगावलेली असली की नंतरच्याला दृष्ट लागू नये, काळाने त्याच्याकडे बघू नये म्हणून दगडू, केरू अशी साधी नावं ठेवत. म्हणजे पोरगा हवा होता म्हणून दगडू, आणि पोरगी नको होती म्हणून नकुशी. दोन्ही नावं वाईट दिसली तरी त्यामागची माया सारखी नाही.

हे फक्त आपल्याकडेच आहे का?

नाही. भाषा बदलते, अर्थ तोच राहतो.

• हरियाणा, राजस्थान: ‘भतेरी’ म्हणजे पुष्कळ झाल्या. ‘धापू’ म्हणजे पोट भरलं. ‘अंतिम’ म्हणजे शेवटची.
• बंगाल: ‘आन्नाकाली’. याचा अर्थ ‘आर ना काली’, म्हणजे काली माते, आता आणखी नको, असा सांगतात.
• तामिळनाडू: ‘वेंडाम’, म्हणजे थेट ‘नको’.
• तुर्कस्तान: ‘येतेर’, म्हणजे पुरे.
• अझरबैजान: ‘गिझबेस’, म्हणजे मुली बस झाल्या. यातला ‘बेस’ आणि आपला ‘बस’ एकाच फारसी शब्दातून आलेले.
• चीन: ‘झाओदी’, म्हणजे धाकट्या भावाला बोलावून आण.

चीनच्या नावाकडे नीट बघा. त्यात ‘नको’ कुठेच नाही, पण हाक मारली की प्रत्येक वेळी न जन्मलेल्या भावाची आठवण.

नावाने मुलगा होतो का?

अजिबात नाही. आईकडून बाळाला नेहमी एक्स गुणसूत्रच मिळतं. वडिलांकडून एक्स आलं तर मुलगी, वाय आलं तर मुलगा. त्यात आईचा काही दोष नाही आणि आधीच्या लेकीच्या नावाचा काही संबंध नाही.

पण नावामागचा विचार जीवघेणा आहे. महाराष्ट्रात ० ते ६ वयोगटात दर हजार मुलांमागे २००१ मध्ये ९१३ मुली होत्या, २०११ मध्ये ८९४ झाल्या. गर्भलिंग तपासणीला बंदी घालणारा कायदा राज्यात १९८८ मध्येच आला होता, देशात १९९४ मध्ये. नकुशी निदान जन्माला तरी आली. कित्येकींना तेवढंही मिळालं नाही.

अंतिम पंघाल

हरियाणातल्या हिसार जिल्ह्यातल्या एका घरात चौथी मुलगी झाली. आता मुली बस, म्हणून नाव ठेवलं अंतिम. हीच अंतिम २०२२ मध्ये २० वर्षांखालील कुस्तीत जागतिक सुवर्णपदक जिंकणारी पहिली भारतीय महिला ठरली. पुढच्या वर्षी तिने ते पुन्हा जिंकलं. नाव तिने बदललं नाही. पण ते निभावण्याची ताकद प्रत्येक पोरीने दाखवावी, अशी अपेक्षा आपण का धरायची?

नाव बदलायचं असेल तर

• जन्मनोंदणीत बाळाचं नाव अजून टाकलेलं नसेल, तर १२ महिन्यांच्या आत ते विनाशुल्क टाकता येतं. त्यानंतर शुल्क लागतं.
• नाव आधीच लागलेलं असेल, तर राज्य शासनाच्या राजपत्रात (गॅझेट) नावबदल प्रसिद्ध करून घ्यावा. अर्ज ऑनलाइन होतो. मुलगी १८ वर्षांखालची असेल तर पालकांनी करायचा.
• त्या गॅझेटच्या आधारे शाळा, आधार, बँक असं एकेक बदलत जावं. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, म्हणून स्पेलिंग नीट तपासा.
• शक्यतो दहावीच्या आधी करा. नंतर गुणपत्रिका आणि दाखल्यांची संख्या वाढते.

आणि नवीन नाव तिलाच निवडू द्या. पहिल्यांदा तिला कुणी विचारलं नव्हतं. कागदावर बदललं की घरातही त्याच नावाने हाक मारा. नाहीतर गॅझेटमध्ये ऐश्वर्या आणि अंगणात नकुशीच, असं व्हायला वेळ लागत नाही.