गेंडा आणि बोरू

सृष्टींतील बलाबलाचा विचार करितांना आपण बहुधा आकार पाहून निर्णय देतों. आसामांतील काझीरंगा येथील दलदलींत मात्र हा निर्णय खोटा ठरतो. तेथें एकशिंगी गेंडा व बोरूच्या जातीचा उंच नळ एकाच चिखलांत वाढतात. पहिला सुमारें दोन हजार किलो वजनाचा, चिलखतासारख्या जाड कातडीचा. दुसरा आंतून पोकळ, वाऱ्यानें वांकणारा. तरीहि धोक्यांत आहे तो गेंडा. बोरू विपुल आहे. असें कां व्हावें?

पहिलें कारण वंशवृद्धींत आहे. गेंड्याची मादी साधारणपणें सहा-सात वर्षांची झाल्यावर प्रथम विते, सुमारें सोळा महिने गर्भ वाहते, आणि एका वेळीं एकच पिलूं देते. पुढील पिलास बहुधा तीन वर्षें लागतात. म्हणून एक मादी मारली गेली, तर ती हानि भरून येण्यास दीर्घकाळ जातो. बोरूचें जीवित निराळें. त्याचें खोड चिखलाखालीं आडवें पसरतें व त्याच्या पेरांतून नवे कोंब निघतात. वरचा भाग कापिला किंवा जाळिला, तरी खालचें खोड शाबूत असेपर्यंत तो पुन्हां उगवतो.

दुसरें कारण मनुष्याचा लोभ. गेंड्याचें शिंग औषधी आहे या समजुतीनें त्याची हत्या होते; वास्तविक तें आपल्या नखांच्या व केसांच्याच द्रव्याचें असतें. हा भ्रम मोडावा म्हणून आसाम सरकारनें २२ सप्टेंबर २०२१ रोजीं २,४७९ शिंगें जाहीरपणें जाळून टाकिलीं.

परंतु राखण केल्यास फळ येतें. काझीरंग्याचें रान १९०८ सालीं राखीव झालें, तेव्हां तेथें मोजकेच गेंडे उरले होते. २०२२ च्या गणतींत २,६१३ आढळले. शंभर वर्षांहून अधिक काळ पहारा झाला, तेव्हां हें घडलें.

तथापि विपुल म्हणून बोरू क्षुद्र मानूं नये. त्याच्या व इतर उंच गवतांच्या आडोशास गेंडी पिलूं वाढविते. दलदल आटविली, तर बोरूचें मूळच सुकेल आणि गेंड्याचा आसराहि जाईल.

विद्यार्थिमित्रहो, सृष्टिकर्त्यानें मनुष्यास या सृष्टीचा कारभारी नेमिलें आहे, धनी नव्हे. जें सावकाश वाढतें त्याची राखण पिढ्यानपिढ्या करावी लागते. आणि जें सहज उगवतें त्याचीहि भूमि आपण हिरावून घेऊं नये. आपल्या गांवच्या तळ्याकांठीं बोरू दिसेल, तेव्हां एवढें स्मरणांत असूं द्यावें.